खानदेशातील गुरुजी जेव्हा विद्यार्थी झाले

धुळे जिल्हा परिषदेच्या ११०३ शाळा डिजिटल झाल्याची बातमी तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. प्रोजेक्टर, पडदा, संगणक यांची छायाचित्रेही पाहिली असतील. या धाग्यात यंत्रांविषयी थोडेच आहे. ती चालवायला पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी कोणाकडून शिकले, हा इथला विषय.

आपल्याकडे प्रौढशिक्षणाचा इतिहास बहुधा साक्षरतेपुरताच सांगितला जातो. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात सुरू झालेली आणि पुढे राज्यभर पसरलेली ग्रामशिक्षण मोहीम हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे साक्षराने निरक्षराला शिकवायचे होते. कोण वर, कोण खाली, हे आधीच ठरलेले. पण ज्याचा व्यवसायच शिकवण्याचा, त्याने विद्यार्थी व्हायचे तर कोणापुढे बसायचे?

खानदेशात याचे एक जुने उदाहरण आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात सहा वर्षे शिकवून साने गुरुजींनी १९३० मध्ये नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उडी घेतली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात इतर प्रांतांतल्या सहबंद्यांच्या सहवासात ते तमिळ शिकू लागले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती लिहून घेतली साने गुरुजींनी. विनोबा त्यांच्याहून अवघे चार वर्षांनी मोठे, आणि दोघेही कैदी. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपण विनोबांचे म्हणून वाचतो, ते योग्यच आहे. पण एका शिक्षकाने समवयस्कापुढे वही उघडली नसती, तर ते आपल्या हाती आलेच नसते.

आता संगणकाकडे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा शब्द घरोघरी पोहोचला. सरकारी कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना संगणकाचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. ३१ डिसेंबर २००७ ही मुदत ज्यांनी चुकवली, त्यांच्या वेतनवाढींची वसुली निघाली आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. या सक्तीला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. हजारो हातांनी माऊस प्रथम धरला तो तिच्यामुळेच. पण शिकण्याशी दंडाची भीती जोडली गेली, की माणूस परीक्षेपुरते शिकतो. प्रमाणपत्र फायलीत गेले आणि गावच्या शाळेत संगणकच नसल्याने शिकलेलेही विरून गेले.

खरे वळण २०१५ चे. २२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला. त्याच वर्षी ‘सरल’ प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याची माहिती ऑनलाइन भरणे भाग पडले. दिवसा सर्व्हर रखडे, म्हणून शिक्षक रात्री बसत. दोन-तीन शाळांचे गुरुजी एकाच लॅपटॉपभोवती जमू लागले. कुठली खिडकी उघडायची, पासवर्ड विसरला तर काय करायचे, हे शेजारच्या शाळेतील तरुण शिक्षक सांगे. याच काळात ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला. तालुक्यातालुक्यांत कार्यशाळा झाल्या. त्यांत शिकवणारेही प्राथमिक शिक्षकच होते. केंद्रावरची शिक्षण परिषद आणि व्हॉट्सॲपचे गट ही नव्या शिकवणीची ठिकाणे झाली.

धुळ्यात या मंथनाला निधीची जोड मिळाली. न्यूयॉर्कमध्ये वित्तक्षेत्रात काम करणारे मूळचे धुळ्याचे हर्षल विभांडिक गावोगावी प्रेरणा सभा घेऊ लागले. ७० टक्के रक्कम लोकवर्गणीतून, ३० टक्के त्यांच्याकडून, असे सूत्र ठरले. (वर्गणीतून पडदा येतो, पण विजेचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांना आजही छळतो.)

माझ्या मते इथे निर्णायक ठरली ती लाज. प्रौढ माणसाला न येण्यापेक्षा न येणे उघड होण्याची भीती अधिक असते, आणि गुरुजींना तर सर्वांत जास्त. अधिकाऱ्यापुढे ‘मला येत नाही’ म्हणणे कठीण; सोबत डबा खाणाऱ्या सहकाऱ्यापुढे तेच सहज म्हणता येते. ज्येष्ठतेची उतरंड त्या घटकेपुरती उलटली. वीस वर्षे सेवा झालेले गुरुजी कालपरवा रुजू झालेल्या शिक्षकाला ‘सर, पुन्हा एकदा दाखवा’ म्हणू लागले.

याची किंमतही होती. ज्याला येते, त्याच्याच माथी केंद्रातल्या साऱ्या शाळांची ऑनलाइन कामे आली. त्यासाठी ना वेगळा वेळ मिळाला, ना मानधन. शिकण्यातला आपलेपणा हळूहळू फुकटच्या श्रमात मुरला.

२०२२ मध्ये केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम आला. प्रौढांना अक्षरओळखीबरोबर डिजिटल साक्षरताही द्यायची आणि काम स्वयंसेवकांनी विनामोबदला करायचे, अशी त्याची रचना आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम शिक्षकांकडे आले, तेव्हा शिक्षक संघटनांनी अशैक्षणिक काम म्हणून त्यावर बहिष्कार घातला. तरीही १७ मार्च २०२४ रोजी राज्यात नवसाक्षरांची परीक्षा झाली. आजी-आजोबा ज्या बाकांवर बसून उत्तरे लिहीत होते, ते बाक याच गुरुजींच्या शाळांतले होते.