तिखटावरचा आळ

सातारा जिल्ह्यात उंब्रजला महामार्ग सोडून चाफळच्या बाजूला वळलं की पाटणच्या डोंगरांतली भातखाचरं जवळ येतात. उलट दिशेने मसूर ओलांडून पूर्वेला गेलं की ज्वारीचा मुलूख लागतो. ताटात भात असो की भाकरी, कांदा-लसूण चटणी मात्र दोन्हीकडे. पोटात जळजळायला लागलं की आळ त्या चटणीवरच यायचा. पित्त झालंय, तिखट बंद कर!

दुखणं जुनंच. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात परिणामशूल सांगितला आहे, म्हणजे अन्न पचू लागल्यावर उठणारी कळ. जेवणानंतर दोन-तीन तासांनी किंवा मध्यरात्री झोपेतून उठवणारी ड्युओडेनल अल्सरची, म्हणजे आतड्याच्या सुरुवातीला पडलेल्या व्रणाची कळ तिच्याशी बरीच जुळते. त्यावर घरात मोरावळ्याची बरणी, वैद्याकडची सूतशेखर मात्रा आणि थंड दूध. दुधाला आज हसू नये. शिकागोच्या डॉ. बर्ट्राम सिपींनी १९१५ मध्ये अल्सरवर दर तासाला दूध-साय देण्याचा आहार मांडला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांनीही तो कित्येक दशकं चालवला.

एवढ्यानं भागलं नाही तर चाकू. सातारा-सांगलीकडे मोठ्या दुखण्याला माणूस मिरजेला नेत. विल्यम वानलेस यांनी तिथे १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं होतं, आणि मसूरला गाडीत बसलं की त्याच रुळांवर पुढे मिरज. अल्सरच्या शस्त्रक्रियेमागे जगभर एकच हिशेब होता: आम्ल कमी करा. त्यासाठी जठराचा भाग कापत, १९४०च्या दशकापासून व्हेगस नसही तोडत, आणि जठराला आतड्याची नवी वाट जोडून देत.

भात-भाकरीचा प्रश्नही कुणीतरी गंभीरपणे घेतला होता. रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६४ मध्ये ‘गट’ या ब्रिटिश नियतकालिकात लिहिलं, की भारतात भातखाऊ भागांत अल्सर जास्त, गव्हाची चपाती खाणाऱ्या उत्तरेत कमी. त्यांचा रोख चावण्यावर आणि त्यामुळे सुटणाऱ्या लाळेवर होता. ज्वारीची भाकरी चावावीच लागते आणि मऊ भात नुसता गिळता येतो, हे उंब्रजच्या बाजारकऱ्याला वेगळं सांगायला नको.

मग गोष्ट एकदम ऑस्ट्रेलियातल्या पर्थला जाते. तिथे पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसले. डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू बशीत वाढेना. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत बशा नेहमीच्या दोन दिवसांऐवजी पाच दिवस उबवणीत राहिल्या आणि जंतू उगवला! तरी अल्सरमागे हाच जंतू आहे हे कुणी मानेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल स्वतःच तो जंतू प्याले. काही दिवसांत उलट्या, तोंडाला घाण वास, आणि तपासणीत जठराला सूज. अल्सर मात्र झाला नाही, हे सांगताना अनेकदा गाळलं जातं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

हा जंतू, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, आम्लात तगतो तो युरेएज या विकराच्या जोरावर. युरियापासून अमोनिया करून तो भोवतालचं आम्ल मारतो. डॉक्टर त्याला याच खोडीवर पकडतात. दुर्बिणीतून काढलेला तांदळाच्या कणीएवढा तुकडा पिवळ्या जेलीत ठेवायचा. जेली गुलाबी झाली की चोर सापडला.

म्हणून मल्होत्रा खोटे ठरले असं नाही. भारतात निम्म्याहून अधिक लोकांच्या पोटात हा जंतू असतो, बहुधा लहानपणी घरातूनच आलेला, आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. मग कुणाला होतो, या प्रश्नात आहाराला अजून जागा आहे. अल्सरचं दुसरं मोठं कारण आपल्या खिशात असतं: अंगदुखीच्या गोळ्या.

तिखटाने जळजळ वाढते, व्रण पडत नाही. चटणीवरचा आळ इथे सुटला. जंतूवरचा औषधांचा कोर्स साधारण चौदा दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून तो सोडू नका. आणि शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर मोरावळा शोधत न बसता त्याच दिवशी दवाखाना गाठा.