ट्रॅफिक वाढला की लिनक्स सर्व्हर गोठतो: कारण कसं शोधायचं?

एसएसएच अडकलंय, कीबोर्ड दाद देत नाही, पण पिंगला मात्र व्यवस्थित उत्तर येतंय. अशा वेळी बहुतेक जण पॉवर बटण दाबतात. मशीन सुरू होतं, पण मेमरीतला सगळा पुरावा पुसला जातो आणि पुढच्या गर्दीत पुन्हा तेच.

खरं तर पिंगनेच अर्धं निदान सांगितलेलं असतं. पिंगचं उत्तर कर्नल स्वतः सॉफ्टआयआरक्यूमध्ये देतो, त्याला कुठलाही प्रोग्राम चालू लागत नाही. म्हणजे कर्नल जिवंत आहे, प्रोग्राम्सना सीपीयू मिळत नाही किंवा ते कशावर तरी अडकलेत. आलेली पॅकेट्स उचलण्यातच सगळा वेळ जाण्याच्या या अवस्थेला रिसीव्ह लाइव्हलॉक म्हणतात. मोगुल आणि रामकृष्णन यांनी १९९६ मध्ये त्यावर निबंध लिहिला होता. १ गिगाबिटच्या लाइनवर सर्वांत लहान पॅकेट्स सेकंदाला १४.८८ लाखांपर्यंत येऊ शकतात. प्रत्येकासाठी इंटरप्ट घेतला तर काय होईल, विचार करा. लिनक्समध्ये यावर नापी आलं: एका फेरीत साधारण ३०० पॅकेट्स, आणि काम उरत राहिलं की ते केसॉफ्टआयआरक्यूडी या थ्रेडकडे.

म्हणून मशीन थोडंफार चालत असतानाच टॉपमध्ये हा थ्रेड पाहा. एकच सीपीयू १०० टक्के आणि बाकीचे रिकामे असतील, तर कार्डचे इंटरप्ट वाटले जात नाहीयेत. मग सॉफ्टनेट-स्टॅट फाईल उघडा. प्रत्येक सीपीयूची एक ओळ, आकडे हेक्साडेसिमल. दुसरा रकाना टाकून दिलेल्या पॅकेट्सचा, तिसरा काम उरलेलं असताना फेरी संपल्याचा. आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात, त्यामुळे दोनदा वाचून फरक काढा. कार्डातच गळालेली पॅकेट्स इथे दिसत नाहीत, ती इथटूलमध्ये.

आता लॉग. मूळ सेटिंगमध्ये सॉफ्ट लॉकअपचा इशारा २० सेकंदांनी येतो, हार्ड लॉकअपचा १० सेकंदांनी, हंग टास्कचा १२० सेकंदांनी. इथे हमखास फसायला होतं. ट्रेसमध्ये ज्याचं नाव दिसतं तो गुन्हेगार असेलच असं नाही. तो स्पिनलॉकसाठी ताटकळत असेल, तर लॉक धरून बसलेला दुसऱ्याच सीपीयूवर असतो. त्यासाठी सिसआरक्यूचं एल अक्षर वापरून सगळ्या चालू सीपीयूंचे ट्रेस काढा. डब्ल्यू अक्षराने अडकलेले प्रोसेस दिसतात. ते एनएफएसवर अडकलेले असतील, तर कर्नलला दोष देण्याआधी स्टोरेजचं नेटवर्क तपासा.

हे सगळं लिहून ठेवायचं कुठे? नेटकन्सोल त्याच गुदमरलेल्या कार्डातून जातो, त्याच्या भरवशावर राहू नका. सीरियल कन्सोल बरा, पण १,१५,२०० बॉडला तो सेकंदाला जेमतेम ११ हजार अक्षरं लिहितो. फायरवॉलमध्ये प्रत्येक पॅकेटची नोंद करणारा नियम कोणी ठेवला असेल, तर त्या छपाईनेच सॉफ्ट लॉकअप होतो! आधी तो नियम शोधा.

सिसआरक्यू आणि केडंप मात्र आधीच चालू करून ठेवावे लागतात. केडंपसाठी बूटच्या वेळीच मेमरी राखून ठेवायची आणि लॉकअप झाला की पॅनिक होईल असं सेटिंग करायचं. मग मशीन गोठलं तरी डंप डिस्कवर उतरतो आणि सकाळी क्रॅश टूलमध्ये तो निवांत उघडता येतो.