अंगठ्याचे तीस टक्के

उजव्या किंवा डाव्या हाताचा अंगठा मुळापासून गेला, तर माणसाची कमावण्याची ताकद ३० टक्क्यांनी घटते. तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला, तर ४०. हा हिशेब कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात छापलेला होता. कायदा १९२३चा, अंमल १ जुलै १९२४ पासून. मधल्या काळात आकडे काहीसे बदलले, कायद्याचे नावही ‘कर्मचारी नुकसानभरपाई’ असे झाले. पण शरीराचे असे तुकड्यातुकड्याने मोल करण्याची रीत तीच राहिली. यंत्रावर हात गमावणाऱ्या कामगारासाठी आखलेला हा तक्ता पुढे मोटारीखाली सापडलेल्या माणसाच्या फाइलीत कसा शिरला, आणि तिथे तो का पुरला नाही, हे पाहण्यासारखे आहे.

वाहनाने इजा झाली तर जबाबदार कोण, हा प्रश्न आपल्याकडे मोटारीच्या फार आधीचा. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात रथ-गाड्यांच्या अपघातांचे एक छोटे प्रकरणच आहे. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडला, अशा दहा प्रसंगी दंड नाही. सारथी अडाणी असेल तर दंड मालकाला, सारथी कुशल असूनही अपघात झाला तर सारथ्याला. मालकाने नवशिक्या चालकाच्या हाती गाडी दिली तर मालक सुटत नाही, हे तत्त्व आजच्या न्यायालयात कोणी मांडले तरी नवखे वाटणार नाही. दंड मात्र राजाच्या तिजोरीत जाई. जखमीच्या वाट्याला काय? त्याच अध्यायात, मारहाणीच्या संदर्भात, ‘समुत्थानव्यय’ असा शब्द येतो: माणूस पुन्हा उभा राहीपर्यंतचा खर्च. औषधपाणी, खाणेपिणे, सगळे त्यात आले. इतका नेमका शब्द आजच्या कायद्याच्या मराठीत नाही, याची मला खंत वाटते.

इंग्रजी कायद्याने मात्र उलट्या टोकापासून सुरुवात केली. तिथे व्यक्तीबरोबर तिचा दावाही मरतो, असे जुने सूत्र होते. परिणाम विचित्र: एखाद्याचा पाय तोडणाऱ्याला पैसे मोजावे लागत, जीव घेणारा, पैशांपुरता तरी, सुटत असे. रेल्वे आल्यावर हा विपर्यास लोकांच्या डोळ्यांवर आला आणि १८४६ साली तिथे मृतांच्या वारसांसाठी कायदा झाला. त्याचीच भारतीय आवृत्ती म्हणजे १८५५चा तेरावा कायदा, प्राणघातक अपघातांचा. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

या कायद्याने मृताच्या पत्नीची, पतीची, आईबापांची आणि मुलांची सोय केली. जिवंत जखमीसाठी वेगळा कायदा केला नाही. त्याने दिवाणी न्यायालयात जावे, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी, समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा आणि निकालापर्यंत जिवंत राहावे. शेवटची अट मी गमतीने लिहिलेली नाही. १९२५च्या भारतीय वारसा कायद्याच्या कलम ३०६ने बहुतेक दावे माणसामागे टिकवले. पण मृत्यूस कारण न झालेल्या शारीरिक इजेचा दावा त्यातून वगळला. म्हणजे अपघातात पाय गमावलेला माणूस दावा चालू असताना तापाने गेला, तर पायाचा दावाही त्याच्याबरोबर गेला.

१९३९च्या मोटार वाहन कायद्याने त्रयस्थ व्यक्तीच्या इजेसाठी विमा सक्तीचा केला खरा. पण ते प्रकरण अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडावे लागले. दहा वर्षांनी, १९५६च्या दुरुस्तीने, मोटार अपघात दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद आली. हेतू दोन: खर्च कमी, वेळ कमी. अर्जाला मुदत मात्र सुरुवातीला ६० दिवसांचीच. ज्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे त्याचे ६० दिवस कसे जातात, हे मुदत ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आले नसावे. पुढे ती सहा महिने झाली.

न्यायाधिकरण आले तरी निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे जखमीवरच होते का? यावर उच्च न्यायालयांत मतभेद होते. मुंबईहून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निर्णायक उत्तर दिले: दोष नाही तर भरपाई नाही. हे उत्तर कायद्याला धरून असेलही. पण धडक देऊन पळालेल्या ट्रकचा दोष रस्त्यावर पडलेल्या माणसाने कसा दाखवायचा? संसदेने १९८२ साली त्यातून वाट काढली. दोष कोणाचाही असो, मृत्यूला १५,००० आणि कायम अपंगत्वाला ७,५०० रुपये. रक्कम किरकोळच, पण तत्त्व मोठे होते.

इथे एक बारकावा आहे, तो माझ्या वाचनात कुठे फारसा चर्चिलेला आढळला नाही. ‘कायम अपंगत्व’ म्हणजे काय, हे सांगताना कायदा करणाऱ्यांनी नवे शब्द शोधले नाहीत. डोळ्याची दृष्टी, कानाची श्रवणशक्ती, अवयव किंवा सांधा कायमचा जाणे, त्यांची शक्ती नष्ट होणे, डोके किंवा चेहरा कायमचा विद्रूप होणे, ही यादी जवळजवळ शब्दशः १८६०च्या दंड संहितेच्या कलम ३२०मधली आहे. म्हणजे मॅकॉलेच्या मसुद्यातून उभ्या राहिलेल्या फौजदारी कायद्यातली ‘भारी दुखापत’. फौजदारी कायद्याला गुन्हेगाराची शिक्षा मोजायची होती. त्याच मापाने आता जखमीचे नुकसान मोजायचे ठरले. शिवाय यादी उचलताना हाड मोडणे आणि वीस दिवस तीव्र वेदनेत काढणे, ही दोन कलमे गाळली. त्यामुळे मांडीचे हाड मोडून सहा महिने अंथरुणावर पडलेला आणि नंतर चालू लागलेला गवंडी या तरतुदीपुरता जखमीच ठरत नव्हता.

१९८८चा नवा कायदा आला आणि १९९४च्या दुरुस्तीने त्याला दुसरे परिशिष्ट जोडले: वय आणि उत्पन्न पाहून थेट रक्कम. अंशतः अपंगत्वासाठी त्याने बोट दाखवले ते कामगारांच्या १९२३च्या तक्त्याकडे. अंगठ्याचे ३० टक्के रस्त्यावर आले ते असे. वेदनांसाठी भारी दुखापतीला ५,००० रुपये, किरकोळ दुखापतीला १,०००. औषधोपचार १५,०००पर्यंत. कमाई नसलेल्याचे उत्पन्न वर्षाला १५,००० धरावे. घर सांभाळणाऱ्या जोडीदाराचे, कमावत्याच्या एक तृतीयांश. त्या तक्त्यात हिशेबाच्या चुका आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच दाखवून दिले होते. महागाईप्रमाणे आकडे बदलण्याचा अधिकार केंद्र सरकारला होता. तो पहिल्यांदा वापरला गेला २०१८ साली.

तक्त्याबाहेर, दोष सिद्ध करून पूर्ण भरपाई मागणाऱ्यांचा कायदा मात्र न्यायालयांनी घडवला. वकील हे निकाल पक्षकारांच्या नावाने ओळखतात. जखमी माणसाचे नाव असे कायमचे त्याच्या जखमेला चिकटवणे मला रुचत नाही, म्हणून मी सालांवरच भागवतो. १९९५ साली, कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या एका माणसाच्या दाव्यात, सर्वोच्च न्यायालयाने नुकसानीचे दोन भाग स्पष्ट केले. एक, पैशांत मोजता येणारे: उपचार, बुडालेली कमाई, येण्याजाण्याचा खर्च. दुसरे, न मोजता येणारे: वेदना, आयुष्यातली हरवलेली सुखे, आयुर्मानात झालेली घट.

याहून महत्त्वाचा निकाल ऑक्टोबर २०१०चा, न्या. आर. व्ही. रवींद्रन यांनी लिहिलेला. डॉक्टरच्या दाखल्यात ‘४५ टक्के’ लिहिलेले असते, ते बहुधा एका पायाचे असते. सबंध शरीराचे नव्हे. आणि शरीराचे टक्के म्हणजे कमाईचे टक्के नव्हेत. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ पूर्ण थांबते. सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. म्हणून आधी हा माणूस पूर्वी काय करत होता ते पाहा, मग आता काय करू शकतो ते पाहा. मागेल त्याला दाखला देणाऱ्या डॉक्टरांबद्दलही निकालात सावधगिरीचा इशारा आहे. दाखला देणाऱ्याची उलटतपासणी झाली पाहिजे.

हा फरक किती रुपयांचा आहे? समजा, ३३ वर्षांचा गवंडी महिन्याला १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,००० मिळवतो. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पक्क्या केलेल्या कोष्टकात त्याच्या वयाला गुणक १६. कमाईतली घट ३० टक्के धरली तर ४३,२०० गुणिले १६, म्हणजे ६,९१,२००. पण परांचीवर चढणेच आता जमणार नाही म्हणून ६० टक्के धरली, तर १३,८२,४००. पाय तोच, दाखलाही तोच. साक्षीत ‘परांची’ हा शब्द आला की नाही, एवढाच फरक. मृताच्या दाव्यात त्याचा स्वतःवरचा खर्च वजा होतो. जखमीच्या दाव्यात होत नाही, कारण तो जेवतो आहे.

२०१९च्या दुरुस्तीने दोषाविना भरपाईची रक्कम मृत्यूला ५ लाख, भारी दुखापतीला अडीच लाख केली. या वेळी व्याख्या थेट कलम ३२०चीच घेतली, म्हणून गाळलेले मोडके हाड ३७ वर्षांनी परत आले. सहा महिन्यांची मुदतही परत आली. ती १९९४ साली उठवली होती. आणि कलम १६६मध्ये एक नवे पोटकलम जोडले गेले: जखमी माणूस पुढे कोणत्याही कारणाने वारला, तरी त्याच्या इजेचा दावा वारसांना चालवता येईल. ही तरतूद १ एप्रिल २०२२ रोजी अमलात आली. तापाने गेलेल्या माणसाचा पाय तेव्हापासून कायद्याच्या हिशेबात जिवंत आहे.