एनबीए : नामांकित खेळाडूंचे महानगरांकडे स्थलांतर

अमेरिकेतील एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये मिलवॉकी, क्लीव्हलंड, ओक्लाहोमा सिटी अशा छोट्या शहरांचे संघ सोडून नावाजलेल्या खेळाडूंनी मोठ्या शहरांत जाणे. प्रकार जुना आहे : मिलवॉकीला 1971 मध्ये विजेतेपद मिळवून देणारा करीम अब्दुल-जब्बार 1975 मध्ये स्वतः मागणी करून लॉस एंजेलिसला गेला, शकील ओनील 1996 मध्ये ऑरलँडोहून तेथेच. याचे खापर सहसा महानगरी झगमगाटावर किंवा खेळाडूच्या हावेवर फुटते. अलीकडच्या काळापुरते तरी लीगचे वेतननियम त्याला अधिक जबाबदार आहेत. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील 1999 च्या करारापासून प्रत्येक खेळाडूच्या पगाराला कमाल मर्यादा आहे. सर्वोत्तम खेळाडूचा भाव सगळीकडे जवळपास सारखाच ठरला, की जादा पैसे मोजून त्याला राखण्याचे छोट्या शहराच्या हातचे हत्यार बोथट होते. मग निवड होते ती सोबती, हवामान आणि करांवर. जुलै 2010 मध्ये लेब्रॉन जेम्सने मायामीला जात असल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले, तेव्हा क्लीव्हलंडमध्ये त्याच्या 23 क्रमांकाच्या जर्सी जाळल्या गेल्या. मालक डॅन गिल्बर्ट यांनी संतप्त जाहीर पत्र काढले, तेही कॉमिक सॅन्स या बाळबोध टंकात! या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली : क्लीव्हलंडला जास्त रक्कम देता येत होती, तरी जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश या तिघांनी एकत्र खेळण्यासाठी कमाल पगारापेक्षा कमी घेतले. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, हेही खरे.

यावर उपाय म्हणजे खेळाडूच्या पगाराची ही मर्यादा उठवणे. तसे केले तर श्रीमंत शहरे सगळ्यांनाच विकत घेतील, हा आक्षेप टिकत नाही. संघाच्या एकूण पगाराला वेगळी मर्यादा आहेच. एकालाच खरा भाव दिला, तर तिघांना एकत्र आणायला पैसे उरणार नाहीत. 2017 च्या करारात जुन्या संघाला निवडक खेळाडूंसाठी जादा पगाराची मुभा मिळाली. तिचा लाभ घेऊन यानिस आंतेतोकूंपो 2020 मध्ये मिलवॉकीत राहिला आणि पुढच्याच वर्षी संघाने विजेतेपद मिळवले. पण अँथनी डेव्हिसने 2019 मध्ये तशाच रकमेवर पाणी सोडून न्यू ऑर्लिन्समधून बदली मागितली. दुसरा आक्षेप छोट्या सॅन अँटोनियोचा : तेथे टिम डंकन 19 हंगाम राहिला, म्हणजे कारभार चोख असला की पुरे. यात तथ्य आहे, नामांकित खेळाडू मिळवण्यासाठी न्यूयॉर्क निक्सना 2019 मध्ये मोठ्या शहराचा काहीच उपयोग झाला नाही. मात्र त्याच सॅन अँटोनियोतून 2018 मध्ये कवाय लिओनार्ड बाहेर पडला. वर्षभराने तो लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे आला, तेव्हा पॉल जॉर्जनेही तिकडे जाण्यासाठी ओक्लाहोमा सिटीकडे बदली मागितली. त्या बदल्यात मिळालेला शे गिल्जस-अलेक्झांडर 2025 च्या विजेत्या ओक्लाहोमा सिटीचा प्रमुख खेळाडू होता.