देवळालीचा तळ आणि बाह्य स्मृतीचा सांधा

बोली इंग्रजीत भ्रमिष्ट मनुष्यास ‘डूलॅली’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द म्हणजे नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पाच्या नावाचा अपभ्रंश होय. मूळचा सोजिरी प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा असून त्यातील उत्तरपद म्हणजे मराठीतील ‘ताप’ या शब्दाचेच सख्खे भावंड. या शब्दाकडे भाषाभ्यासकांचे लक्ष वारंवार गेले आहे. परंतु तो ज्या व्यवस्थेतून जन्मला त्या व्यवस्थेकडे मात्र तितकेसे गेलेले नाही.

देवळालीस १८६१ साली इंग्रज सैन्याचा संक्रमण-तळ स्थापन झाला. विलायतेहून मुंबईस उतरलेल्या पलटणी येथे येत आणि पुढे निरनिराळ्या छावण्यांत पांगत. मुदत संपलेले शिपाई उलट दिशेने येऊन येथेच जहाजाची वाट पाहत. सैन्यवाहू जहाजांचा हंगाम हिवाळ्याचा. शिपायांच्या मुदती मात्र वर्षभर संपत. हंगाम चुकला तर उन्हाळा आणि पावसाळा तळावर काढणे प्राप्त होई. या रिकाम्या, लांबलेल्या प्रतीक्षेतूनच तो शब्द निघाला असे मानतात. मुद्दा असा की, आगबोट आणि आगगाडी ही दोन वाहने भिन्न गतीची व भिन्न वेळापत्रकांची असल्यामुळे त्यांच्यामध्ये थांबण्याची एक जागा निर्माण करणे भाग पडले. देवळाली ही त्या अर्थाने मुक्कामाची जागा नव्हती. ती सांध्याची जागा होती.

संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न जसाच्या तसा उपस्थित झालेला दिसतो. गणन करणारा भाग अतिशय जलद आणि माहिती साठवणारा भाग त्या मानाने अतिशय मंद. १९५६ साली अमेरिकेत आलेल्या आय. बी. एम. कंपनीच्या ‘३५०’ या पहिल्या चकती-संचात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांवर ५० लक्ष अक्षरे मावत. पण हवे ते अक्षर सापडावयास अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागे. या दोन गतींची गाठ कशी घालावयाची, हा प्रश्न चकत्या बनविण्याहून काही कमी अवघड नाही. तथापि संगणकाचे इतिहासकार साठ्याच्या आकारमानाविषयी जितके लिहितात तितके सांध्याविषयी लिहीत नाहीत.

महाराष्ट्रात या प्रश्नाला पहिल्याने हात घातला गेला तो मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील लहानशा गटाने १९५४ च्या अखेरीस एका प्रायोगिक यंत्राच्या रचनेस आरंभ केला. गटातील बहुतेकांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता, मग बांधण्याची गोष्ट दूरच. म्हणून पूर्ण आकाराचे यंत्र एकदम न उभारता आधी एक छोटे यंत्र करून पाहावे असे ठरले, आणि ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. ज्याला आज प्रात्यक्षिक-फलक म्हणतात त्याचे कार्य या यंत्राने केले. प्रत्यक्ष उपयोगाची गणिते सोडविणे हा त्याचा हेतू नव्हता. घटक परस्परांशी जोडले असता ठरल्याप्रमाणे वागतात की नाही, हे पाहणे हा होता.

त्यात विशेष लक्षणीय होती ती स्मृती. ज्या प्रिन्स्टनच्या यंत्राचा आराखडा डोळ्यांपुढे होता त्याची स्मृती ऋणकिरण-नलिकांची होती. मुंबईकरांनी तेव्हा अगदी नव्या असलेल्या फेराइट कड्यांची निवड केली. मण्यांएवढ्या चुंबकीय कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या असतात, आणि प्रत्येक कडी एक अंक धारण करते. कडी वाचली की तिच्यातील अंक पुसला जातो. म्हणून प्रत्येक वाचनानंतर तो पुन्हा लिहावा लागतो. सांध्याचे काम किती नाजूक असते हे एवढ्यावरून ध्यानात येईल: तारेतून येणारा क्षीण स्पंद ओळखणे, तो वर्धित करणे आणि ठरल्या क्षणी मूळ अंक परत ठेवणे, यांपैकी एकही पायरी चुकली तर साठा शाबूत असून निरुपयोगी.

हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच १९६० साली कार्यान्वित झालेले आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केलेले मोठे यंत्र शक्य झाले. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक आणि १८ फूट लांबीची पोलादी चौकट हे तपशील नेहमी सांगितले जातात. त्याची स्मृती ४० अंकी २,०४८ शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने अवघी दहा हजार बाइटांची होती. वस्तुतः गौरव अधिक व्हावयास हवा तो आधीच्या छोट्या यंत्राचा. (नरसिंहन पुढे चित्रांच्या व्याकरणाकडे आणि तेथून भाषाव्यवहाराच्या अभ्यासाकडे वळले, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तरी विसरू नये.)

१९६४ साली त्याच संस्थेत सी. डी. सी. ३६०० हे अमेरिकन यंत्र आले. त्याला चुंबकीय फितींचे बाह्य साठे जोडलेले होते आणि त्यांच्याशी होणारी देवघेव स्वतंत्र वाहिन्यांवाटे चाले. मध्यवर्ती गणनास त्यासाठी खोळंबून राहावे लागत नसे. शास्त्रज्ञांची निकड पाहता ही खरेदी योग्यच होती. परंतु फेराइट कड्यांचा सांधा येथे हाताने घातला गेला होता, तर फितींचा सांधा बांधूनच आला. ज्ञानाच्या दृष्टीने हा भेद लहान नव्हे.

पुढील दोन दशकांत सांध्याचे रूप पालटले. प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी ही स्थिती मोडून सामायिक नियम ठरू लागले. शुगार्ट कंपनीने चकत्यांसाठी आखलेली आज्ञापद्धती वाढत जाऊन १९८६ साली ‘स्कझी’ या नावाने अमेरिकन मानक झाली. १९९६ साली यू. एस. बी. आली, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर अजय भट्ट यांचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. २००३ साली अनेक तारांच्या रुंद पट्टीऐवजी सात वाहकांची ‘साटा’ जोडणी प्रमाणित झाली.

येथे भाषेच्या अभ्यासकास एक परिचित घटना आढळेल. यू. एस. बी.ने साठ्यांसाठी नवी आज्ञाभाषा निर्माण केली नाही. स्कझीच्याच आज्ञा ३१ बाइटांच्या लिफाफ्यात घालून पाठवावयाच्या आणि काम झाल्यावर १३ बाइटांची पावती घ्यावयाची, अशी तिची रीत आहे. लिपी पालटली, व्याकरण तेच राहिले. पण साटा चकती ही भाषा जाणत नाही. तिची आज्ञावली निराळ्या कुळातली आहे. म्हणून मध्ये एक दुभाष्या लागतो. बाह्य हार्ड डिस्कच्या डबीतली इवलीशी पाटी म्हणजे हा दुभाष्या, आणि प्रात्यक्षिक-फलक म्हणजे त्याची उघड्यावर घेतलेली परीक्षा.

असा फलक मांडताना चकती आरंभीच जोडत नाहीत. प्रथम विद्युत्‌दाब मोजतात: साडेतीन इंची चकतीस ५ आणि १२ असे दोन्ही व्होल्ट लागतात, आणि यू. एस. बी. २ च्या तारेतून तर ५ व्होल्टांवर अर्धा अँपिअरच मिळतो. तेव्हा वेगळा पुरवठा घ्यावाच लागतो. मग दुभाष्या एकटाच संगणकास जोडून तो आपली ओळख सांगतो की नाही हे पाहावयाचे. त्यानंतर चकती. तिची आणि दुभाष्याची पहिली भेट मोठी मनोरंजक असते. दोघेही सुमारे १०७ नॅनोसेकंदांचे स्पंद सोडतात. त्यांत काहीही मजकूर नसतो, अर्थ असतो तो स्पंदांमधील स्तब्धतेत. ३२० नॅनोसेकंदांची स्तब्धता यजमानाकडून आली तर ‘आरंभापासून सुरुवात कर’, आणि नेमकी तीच चकतीकडून आली तर ‘मी हजर आहे’. रूप एक, अर्थ बोलणाऱ्यावरून ठरावयाचा. क्षेमकुशलाच्या शब्दांचे याहून शुद्ध उदाहरण मानवी बोलीतही विरळाच. हे घडले की वाचन, मग लेखन, आणि शेवटी लिहिलेले परत वाचून ताडणे.

खरी परीक्षा मात्र ताडण्याच्याही पुढची आहे. चकती आलेला मजकूर आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवते आणि सवडीने पृष्ठभागावर उतरविते. हा तिचा अंतर्गत संक्रमण-तळच. ‘तळ रिकामा कर’ अशी स्वतंत्र आज्ञा स्कझीत आहे. काही स्वस्त दुभाषे ही आज्ञा पुढे न पोचविताच ‘झाले’ अशी पावती देतात असे आढळून आले आहे. वीज गेली की पावती हाती राहते आणि मजकूर जातो. नुसते लिहून वाचणाऱ्या चाचणीत हा दोष सापडत नाही, कारण ती चाचणी तळावरचाच मजकूर परत वाचते. त्यासाठी लेखन चालू असताना पुरवठा मुद्दाम तोडून पाहावे लागते, आणि ती सोय उघड्या फलकावरच असते.

बोलींची ध्वनिमुद्रणे बाह्य चकत्यांवर ठेवणाऱ्या विभागांना दुसराही एक धोका जाणून घेणे अवश्य आहे. जुनी विभाग-सारणी ५१२ बाइटांच्या खंडांत मोजत असल्यामुळे तिला सुमारे २.२ लक्ष कोटी बाइटांपलीकडे मोजता येत नसे. त्यावर तोड म्हणून काही डब्यांतील दुभाषे आठ खंडांचा एक, असा ४,०९६ बाइटांचा खंड संगणकास दाखवू लागले. डबी बिघडली आणि आतली चकती काढून सरळ संगणकास जोडली, तर तिच्यावर प्रत्येक अक्षर जागच्या जागी असते. पण सारणीतील आकडे आता आठपट चुकीचे ठरतात, आणि संगणक ती चकती कोरी समजून तिची नव्याने आखणी करावी काय असे विचारतो. अशा वेळी होकार न देता त्याच जातीचा दुभाष्या असलेली दुसरी डबी शोधावी लागते.