जवळच्या माणसावर खोटे आरोप पसरवले जात असतील, तर कायद्याने काय करता येते?

काही महिन्यांपूर्वी हडपसरमधल्या आमच्या कामाच्या वस्तीतला एक तरुण रात्री दहाला दारात आला. त्याची मावशी महिला बचत गटाचा हिशोब सांभाळते. ‘हिने गटाचे पैसे खाल्ले’ असा आवाजी मेसेज कुणीतरी वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला होता आणि संध्याकाळपर्यंत तो चार ग्रुपवर फिरला होता. मावशी दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. याचे मित्र खाली गाड्यांवर थांबले होते. ‘ताई, आत्ताच जाऊन जाब विचारतो,’ तो म्हणाला. मी त्याला आधी बसवले आणि दोन गोष्टी मागितल्या : मावशीचा फोन आणि गटाचे पासबुक.

असे प्रश्न कार्यकर्त्यांकडे वारंवार येतात. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता (बीएनएस) आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) लागू आहेत. त्याआधीच्या घटनेला जुने भारतीय दंड विधान लागू होते.

हडपसरने काय पाहिले आहे

जून २०१४ मध्ये शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांच्याविषयी फेसबुकवर आलेल्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुण्यात तणाव होता. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये मोहसीन शेख या मूळच्या सोलापूरच्या तरुणाला जमावाने मारहाण करून ठार केले. त्या मजकुराशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींची निर्दोष मुक्तता केली.

या प्रकरणातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. फोनवरच्या मजकुराने पेटलेला राग निर्दोष माणसावरही जाऊन पडतो. आणि अन्याय कितीही उघड दिसला, तरी न्यायालयात पुरावाच उभा राहावा लागतो. म्हणून कलमांच्या आधी पुराव्याचे बघू.

पहिले काम : पुरावा जपा

• मेसेज, पोस्ट, व्हिडिओ डिलीट करू नका. ग्रुप सोडू नका.
• स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याचा नंबर, ग्रुपचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. पोस्ट असेल तर तिची लिंक लिहून ठेवा.
• तोंडी बदनामी असेल, तर कोण, कुठे, कोणासमोर, नेमक्या कोणत्या शब्दांत बोलले हे त्याच दिवशी वहीत लिहा. ऐकणाऱ्या दोघा-तिघांची नावे घ्या.
• ज्या फोनवर मेसेज आला तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका.

फोन का जपायचा? जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून आलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक पुराव्याची नुसती प्रत द्यायची असेल, तर सोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र लागते. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले, तर गोष्ट वेगळी. आज हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. ते वकिलाकडून वेळेत तयार करून घ्या.

तक्रार कोण करू शकतो?

‘बदनामी मावशीची, तक्रार मी करू का?’ हा त्या तरुणाचा पहिला प्रश्न होता. बीएनएसएस कलम २२२ प्रमाणे बदनामीची तक्रार ‘पीडित व्यक्ती’ने करायची असते. सज्ञान, धडधाकट माणसाच्या वतीने भाच्याने परस्पर तक्रार करता येत नाही. पीडित व्यक्ती १८ वर्षांखालील असेल, मानसिक आजारामुळे किंवा दुखण्यामुळे तक्रार करू शकत नसेल, तर न्यायालयाच्या परवानगीने दुसरी व्यक्ती तक्रार करू शकते. आरोपाने तुमच्या स्वतःच्या नावालाही थेट धक्का बसला असेल, तर तुम्हीही ‘पीडित’ ठरू शकता. ते न्यायालय वस्तुस्थिती पाहून ठरवते.

व्यक्ती मृत असेल तर? ती जिवंत असती तर तिच्या लौकिकाला बाधा आली असती आणि कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, असे असेल तर तीही बदनामी ठरते.

यातला ‘जवळचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. दिनकरराव जवळकरांच्या ‘देशाचे दुश्मन’ (१९२५) या पुस्तकावरून पुण्यात बदनामीचा खटला झाला. पुस्तकातली टीका टिळक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्यावर होती, आणि दोघेही तेव्हा हयात नव्हते. जवळकर, केशवराव जेधे आदींना शिक्षा झाल्यावर अपिलात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि १९२६ मध्ये ते सुटले. फिर्यादी हा दूरचा नातेवाईक आहे, हा बचावातला एक मुद्दा होता. तक्रार करण्याआधी आपला तो अधिकार तपासा, हे शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनी पुण्याच्या न्यायालयात दाखवून दिले आहे.

मार्ग १ : फौजदारी बदनामी

बीएनएस कलम ३५६. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. हा गुन्हा अदखलपात्र आहे. म्हणजे पोलीस ठाण्यात एनसी नोंदवली जाते, पण न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. ‘पोलिसांनी काहीच केले नाही’ अशी तक्रार अनेकदा यातूनच येते. खरा रस्ता न्यायदंडाधिकाऱ्यापुढे वकिलामार्फत खासगी तक्रार करण्याचा आहे. तिथे तक्रारदाराचा आणि साक्षीदारांचा शपथेवर जबाब होतो. मुदत तीन वर्षे. माफी मिळाली, तर तडजोडही करता येते.

अपवाद माहीत असू द्या. लोकहितासाठी केलेले खरे विधान बदनामी ठरत नाही. योग्य अधिकाऱ्याकडे सद्‍भावनेने केलेली तक्रारही बदनामी नाही. बचत गटातल्या एखाद्या बाईने शंका वाटली म्हणून बँकेकडे अर्ज केला, तर तो तिचा हक्क आहे. शहानिशा न करता तोच आरोप ग्रुपवर टाकणे वेगळे.

मार्ग २ : पोलीस थेट गुन्हा नोंदवतील अशी कलमे

• समाजात तेढ पसरवणारा खोटा मजकूर किंवा अफवा : बीएनएस कलम १९६, ३५३.
• स्त्रीच्या विनयाचा अपमान करणारे शब्द, हावभाव : बीएनएस कलम ७९.
• दुसऱ्याच्या नावाने बनावट खाते, खासगी किंवा अश्लील फोटो पसरवणे : माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६सी, ६६डी, ६६ई, ६७.

अजूनही काही जण ‘६६अ लावा’ म्हणतात. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले आहे.

तक्रार जवळच्या ठाण्यात, पुणे शहर सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते. हद्दीचे कारण सांगून परत पाठवले, तर ‘झिरो एफआयआर’ मागा. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवला नाही, तर पोलीस आयुक्तांना लेखी अर्ज पाठवा आणि त्यानंतर कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे जा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या.

मार्ग ३ : अ‍ॅट्रॉसिटी कायदा

१९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जातीचा दर्जा कायम मिळाला आहे. जातीचा दाखला तयार ठेवा. आरोपी अनुसूचित जाती-जमातीचा नसेल, तर पुढील तरतुदी पाहा :

• ३(१)(पी) : खोटा, द्वेषमूलक दावा किंवा फौजदारी कारवाई करणे.
• ३(१)(क्यू) : सरकारी अधिकाऱ्याला खोटी माहिती देऊन त्याच्या अधिकाराचा वापर त्रासासाठी करवून घेणे.
• ३(१)(आर) आणि (एस) : लोकांच्या नजरेसमोर अपमान, जातीवाचक शिवीगाळ.

इथे भावनेच्या भरात चूक होते. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची आहे एवढ्यावर (आर) लागू होत नाही. अपमान जातीमुळे केलेला असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये शाजन स्कारिया खटल्यात म्हटले आहे. म्हणून जबाबात नेमके शब्द, ठिकाण आणि ऐकणारे लोक आलेच पाहिजेत. सैल जबाबामुळे खरी केसही पडते.

आरोप करून कुणी घराला वाळीत टाकले, तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा (२०१६) आहे. तो आपल्याच जातीच्या पंचांनाही लागू होतो.

मार्ग ४ : दिवाणी दावा

नुकसानभरपाई आणि मजकूर थांबवण्याचा मनाई हुकूम मागता येतो. मुदत फक्त एक वर्ष, ती चुकवू नका. आधी वकिलाची नोटीस द्यावी. पुष्कळ प्रकरणे माफीवर तिथेच संपतात.

खोटी पोलीस तक्रारच झाली असेल तर

पळू नका. पोलिसांची नोटीस आली तर वकिलासह हजर राहा, एफआयआरची प्रत घ्या. अटकेची भीती असेल, तर अटकपूर्व जामीन (कलम ४८२). तक्रारीत गुन्हाच दिसत नसेल, तर मुंबई उच्च न्यायालयात ती रद्द करण्याचा अर्ज (कलम ५२८). खोटी माहिती आणि खोटा आरोप यांसाठी बीएनएस कलम २१७ आणि २४८ आहेत. पण निर्दोष सुटका झाली म्हणजे तक्रार खोटी होती, असे आपोआप ठरत नाही.

कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारायचा प्रश्न

आरोप खोटाच आहे, हे आपल्याला कशावरून माहीत? आपला माणूस आहे म्हणून? विशेषतः एखाद्या बाईने लैंगिक अत्याचाराची तक्रार केली असेल, तर तिच्यावर दबाव टाकू नका. तिचे नाव किंवा फोटो पसरवणे हाच गुन्हा आहे (बीएनएस कलम ७२). बदनामीला उत्तर म्हणून समोरच्याची बदनामी केली, तर दोन केसेस होतात आणि आपली कमजोर पडते. खोटे न बोलण्याचे शील आपण घेतो. ते मेसेज पुढे पाठवतानाही लागू आहे.

मोफत वकील

अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली मोफत वकील मिळतो. पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. वर दिलेली माहिती दिशा दाखवण्यापुरती आहे. आपल्या प्रकरणाचा निर्णय वकिलाशी बोलूनच घ्या.

मावशींचे पुढे काय झाले? पासबुक आणि वही जुळत होती. त्यांनी स्वतः सही करून मोफत वकिलामार्फत नोटीस पाठवली आणि गटाच्या बैठकीत सगळा हिशोब वाचून दाखवला. माफीचा मेसेज त्याच ग्रुपवर आला. त्या रात्री गाड्या निघाल्या असत्या, तर आज बहुधा त्या पोरांच्या जामिनासाठी धावपळ करत असतो. मावशी अजूनही गटाचा हिशोब बघतात.

जयभीम.