विहिरीवरची बाई आणि आमच्या किचनमधला ग्लास

या एपिसोडचा हा लिखित भाग. ट्रेनमध्ये नेटवर्क जातं, ऐकता ऐकता मध्येच तुटतं, म्हणून बऱ्याच जणांनी मागितला होता. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे", "ॲक्चुअली" वगैरे थोडे कमी केलेत.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. मी जुईनगरला राहतो, कामाला घणसोलीला. आठवड्यातून दोन दिवस वर्क फ्रॉम होम. अशाच एका दिवशी किचनमध्ये पाणी प्यायला गेलो आणि रॅकच्या कोपऱ्यातला एक स्टीलचा ग्लास उचलला. आई बाहेरून म्हणाली, "तो नको, तो मावशींचा आहे." उलटा करून बघितला तर बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका. खूण.

आता ऐका, आम्ही ख्रिस्ती. मूळचे नगर जिल्ह्यातले. माझ्या पणजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरायची परवानगी नव्हती. कोणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेव्हा प्यायचं. आमचं घराणं ख्रिस्ती का झालं, याचं उत्तर आजी एका वाक्यात द्यायची, "पाण्यापायी." आणि त्याच घराण्याच्या चौथ्या पिढीच्या किचनमध्ये ठिपक्याचा ग्लास.

त्या रात्री झोप काही नीट लागली नाही. आणि मला आठवल्या पंडिता रमाबाई. कारण त्यांच्या आयुष्याला वळण देणारी बायबलमधली गोष्ट नेमकी पाण्याचीच आहे.

संस्कृत शिकलेली मुलगी

शाळेच्या पुस्तकात आपण रमाबाईंवर चार ओळी वाचतो आणि पुढे जातो. म्हणून थोडं मागून सांगतो. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं, हा त्यांचा त्या काळातला "गुन्हा". कुटुंब तीर्थांमागून तीर्थं करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. रमा आणि भाऊ श्रीनिवास उपाशीपोटी पायी फिरत राहिले. १८७८ मध्ये दोघं कलकत्त्याला पोचले, तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी आंतरजातीय लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आतच तेही गेले. पदरात लहानगी मनोरमा. १८८२ मध्ये रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देताना बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि स्त्री शिक्षिका हव्यात असं ठासून सांगितलं. १८८३ मध्ये शिकायला इंग्लंडला गेल्या.

फुलहॅममधला प्रश्न

इंग्लंडमध्ये त्या वाँटेज गावच्या सिस्टर लोकांकडे राहिल्या. या सिस्टरांचं लंडनजवळ फुलहॅमला एक घर होतं. ज्या बायकांना समाजानं "वाया गेलेल्या" म्हणून टाकलेलं, त्यांच्यासाठीचं. रमाबाईंनी तिथं बघितलं की याच बायका आता इतर दुखावलेल्या बायकांची सेवा करतायत. त्यांना हे नवीन होतं. आपल्याकडे अशा बाईला परत उभं करायची रीतच त्यांनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता?

उत्तर म्हणून एका सिस्टरनं त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय दाखवला. शोमरोनी बाईची गोष्ट. भर दुपारी येशू विहिरीवर थकून बसलाय. एक बाई घडा घेऊन येते. ती शोमरोनी, हा यहुदी. दोघांच्या समाजात भांड्याला भांडं लागत नाही. त्यात बाईची पाच लग्नं होऊन गेलेली. आणि येशू तिला म्हणतो, मला प्यायला पाणी दे. तीच चकित होते, की तू यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागतोस?

जिला पुराणं तोंडपाठ होती त्या बाईला ही गोष्ट भिडली. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय पंचवीस. माझ्यापेक्षा लहान.

एक गैरसमज इथेच काढू. बाप्तिस्मा घेतला म्हणजे सांगतील ते मुकाट्यानं ऐकलं, असं अजिबात नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार वाचा, पानापानावर वाद आहे. चर्च म्हणतं म्हणून नव्हे, मला शास्त्रात दिसेल तेच मानेन, हा त्यांचा हट्ट. त्यांनी पुरुषांना शिकवावं का, यावर धर्मगुरूंनी हरकत घेतली, त्यावरही त्या भांडल्या. भटजींच्या जाचातून सुटून दुसऱ्या कोणाच्या हातात मान द्यायची नाही, हे पक्कं. साडी सोडली नाही, शाकाहारही सोडला नाही.

गोष्ट सोमवारी कशी चालते

रविवारी गोष्ट आवडणं सोपं असतं. सोमवारी तिचं काय करायचं?

११ मार्च १८८९ ला रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ मध्ये त्यांचं लग्न धोंडो केशव कर्व्यांशी झालं. महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या कामामागे शारदा सदनाची ही ओळख आहे, हे आपण विसरतो.

सदनात धर्म शिकवणार नाही असं रमाबाईंनी कबूल केलेलं. पण त्या स्वतः प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असायचं आणि मुली येऊन बसायच्या. यावरून पुण्यात रान पेटलं. 'केसरी'नं झोडपलं. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे पाठीराखेही सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंना काही ना काही खरं होतं. ज्या मुलीला दुसरं घरच नाही, तिला आसरा देणाऱ्या बाईचा धर्म "फक्त दिसतो" असं म्हणणं पुरेसं नाही. आसऱ्याचंही वजन असतं. पण त्या मुलींना घरी परत नेऊन काय दिलं गेलं, हेही विचारावं लागतं.

मग १८९६–९७ चा दुष्काळ आला. उपाशी फिरणं रमाबाईंनी स्वतः भोगलेलं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका घेऊन आल्या. त्यांना ठेवलं केडगावला. नगरजवळचं नाही हं, पुणे–दौंड लाईनवरचं. तिथं मुक्ती मिशन उभं राहिलं. जातीची निवड नाही. टाकलेल्या बायकांसाठी वेगळं कृपा सदन निघालं, म्हणजे फुलहॅमची गोष्ट इथं मराठी मातीत आली. मनोरमा ब्रेल शिकून आली, अंध मुलींना शिकवू लागली. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आणि या बायका नुसत्या बसून जेवत नव्हत्या. शेती, विणकाम, दूधदुभतं, आणि छापखाना. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंत बायकाच.

त्या छापखान्यात काय छापलं? बायबल. रमाबाईंना वाटायचं की असलेलं मराठी भाषांतर फार संस्कृतप्रचुर आहे, माझ्या दुष्काळातून आलेल्या मुलींना ते कळत नाही. म्हणून चाळिशी ओलांडल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत पूर्ण बायबल स्वतः भाषांतरित केलं. जिला संस्कृतसाठी "सरस्वती" म्हटलं गेलं, तिनं संस्कृत बाजूला ठेवलं! १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये.

मी कोड लिहितो, त्यामुळे मला हे भारी वाटतं. आपण युजरला दोष देतो, "त्याला वापरता येत नाही." त्या म्हणाल्या, वाचणारीला कळत नसेल तर मजकूर बदला.

परत किचनमध्ये

आता ग्लासचं. मी आईशी बोललो. ती चिडली. म्हणाली, "अरे, कोरोनात सुरू केलं होतं, जात काय मधे आणतोस?" खरंच असेल. पण कोरोना गेला, ठिपका राहिला. मी म्हणालो, "आई, पणजोबांना ओंजळीत पाणी ओतणाऱ्यांकडेही काहीतरी कारण असेलच ना?" ती गप्प झाली. मलाही बोलल्यावर वाईट वाटलं.

माझा पहिला विचार होता की मावशींना आता आपल्या ग्लासात पाणी द्यायचं. मग योहानाचा अध्याय परत वाचला आणि अडलो. येशू तिला पाणी देत सुरुवात करत नाही. तो मागतो. तहान त्याला लागलीय, भांडं तिच्याकडे आहे. आणि रमाबाईंच्या मुलींच्या हातातही नुसती ताटं नव्हती, छापखाना होता. देणारा वरच्या पायरीवर राहतो. मागणाऱ्याला खाली यावं लागतं.

पुढच्या वर्क फ्रॉम होमला मावशी भांडी घासून झाल्यावर पिशवीतून आपली बाटली काढून पाणी पीत होत्या. मी म्हणालो, "मावशी, मला पण द्या ना थोडं." त्या बघतच राहिल्या. "अहो दादा, फिल्टरचं आहे की तिथं." मी म्हणालो, "असू द्या, द्या." त्यांनी पदरानं बाटलीचं तोंड पुसलं आणि दिली. आई दारात उभी होती.

ती काही बोलली नाही. ग्लास अजून रॅकमध्येच आहे. ठिपका मात्र कोणीतरी खरवडून काढलाय. मी नाही काढला.

तुमच्या घरी असा ग्लास, कप, वेगळी लिफ्ट, वेगळी चप्पल आहे का? बघा आज. कमेंटमध्ये लिहा, नाव नाही टाकलंत तरी चालेल. भेटू पुढच्या एपिसोडला.